पडदा आणि सोबत

खानदेशात ड्राइव्ह-इन थिएटर माझ्या पाहण्यात कधी आले नाही. मोटारीत बसून मोकळ्या आभाळाखाली सिनेमा पाहायचा, ही कल्पना जळगाव-धुळ्याकडच्या माणसाला तशी परकीच. जिथे मोटारी मोजक्या आणि माणसे भरपूर, तिथे मोटारींसाठी मैदान राखून ठेवणार कोण? आमच्याकडे गावाबाहेरचा, मैदानातला सिनेमा आला तो मालमोटारीतून. जत्रेत, उरसात तंबू लागायचा आणि माणसे जमिनीवर बसायची. तिकडे मोटारीत बसलेले एक कुटुंब, इकडे मातीत बसलेले अख्खे गाव. या दोन बसण्यांमधला फरक गेली काही वर्षे माझ्या मनात घोळतो आहे. माणूस चांगला वागतो तो कोणाच्या धाकाने आणि कोणाच्या सोबतीने, असा प्रश्न त्यातून माझ्यापुढे उभा राहिला आणि शाळेतल्या एका प्रसंगाने तो अधिकच टोकदार केला.

ड्राइव्ह-इनची जन्मकथा मोठी गमतीची आहे. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात कॅम्डेन येथे रिचर्ड हॉलिंगशेड नावाच्या गृहस्थाने ६ जून १९३३ रोजी पहिले ड्राइव्ह-इन सुरू केले. त्याआधी त्याने घराच्या अंगणातच प्रयोग करून पाहिले होते. झाडांना चादर ठोकली, मोटारीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर ठेवला, चादरीमागे रेडिओ लावला. पुढच्या मोटारीमुळे मागच्याला दिसत नाही म्हणून चाकांखाली ठोकळे घालून मोटारीचे तोंड वर उचलले. त्यातून उताराच्या ओळींची मांडणी निघाली. १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत अशी चार हजारांहून अधिक थिएटरे होती. अर्थात नीतीच्या रखवालदारांनी तिथेही ओरड केलीच. काळोखात, बंद मोटारीत तरुण पोरेपोरी काय करतात, हा त्यांचा सवाल होता. गंमत अशी की १९५५ साली कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज येथे रॉबर्ट शुलर नावाच्या पाद्र्याने अशाच एका ड्राइव्ह-इनमध्ये रविवारची प्रार्थना सुरू केली. खाण्यापिण्याच्या दुकानाच्या छपरावर उभा राहून तो प्रवचन करी आणि भाविक आपापल्या मोटारीत बसून ऐकत. शनिवारी रात्री जे मैदान बदनाम, तेच रविवारी सकाळी इबादतीचे! जागेवर नीती-अनीतीचा शिक्का मारणारांनी या मैदानाचा काय निकाल लावला असता कोण जाणे.

आपल्या देशात अहमदाबादला १९७३ साली ड्राइव्ह-इन सुरू झाले. पुढे मुंबईत वांद्र्यालाही झाले, ते या शतकाच्या सुरुवातीला बंद पडले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एका मॉलच्या गच्चीवर २९० मोटारींचे नवे सुरू झाले. यातले अहमदाबादचे मी पाहिले आहे, २०१८च्या दिवाळीच्या सुटीत. सुरत-भुसावळ लोहमार्गामुळे खानदेशातल्या कितीतरी मुस्लिम घरांच्या सोयरिकी गुजरातेत आहेत. माझी खालाही तिकडेच दिलेली. नवजीवन एक्स्प्रेसने आम्ही मायलेकी गेलो आणि एका संध्याकाळी खालूंनी सगळ्यांना मोटारीत घालून थलतेजला नेले.

साडेसहाशेच्या वर मोटारी मावतील एवढे ते मैदान. समोर इमारतीएवढा पडदा. अम्मी मागच्या सीटवर बसली होती. काच अर्धी वर घेतली, नकाब वर केला आणि पाय पसरून म्हणाली, "यहाँ ठीक है. हम सबको देख रे, हमको कोई नै देख रा." कितीतरी वर्षांत तिने घराबाहेर बसून सिनेमा पाहिला नव्हता. तिच्या चेहऱ्यावरचा मोकळेपणा पाहून मला बरे वाटले. आसपासच्या गुजराती कुटुंबांनी मात्र मोटारीपुढे चटया अंथरल्या होत्या, डबे उघडले होते, लेकरे एका चटईवरून दुसऱ्या चटईवर पळत होती. माझी खालेरी बहीण म्हणाली, आपणही खाली बसू या. अम्मीने नको म्हटले. मग सिनेमा सुरू झाला. एका जागी बाहेर मोठा हशा उठला. आमच्यापर्यंत तो काचेतून दबून आला आणि अम्मीने विचारले, "क्यों हँसे वो लोग?" आमचे एक वाक्य निसटले होते. आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिले. कोणालाच सांगता येईना. बाहेर बसलेल्यांपैकी कोणाचे वाक्य निसटले असते तर शेजारच्या चटईवरून ते त्याला मिळाले असते.

ती रात्र आमच्यासाठी आनंदाची होती, हे मुद्दाम सांगते. काच वाईट आणि चटई चांगली असा निवाडा देण्यासाठी मी हे लिहीत नाही. काच नसती तर अम्मी आलीच नसती.

मी उर्दू शाळेत मराठी शिकवते. मुलांना दोन्ही भाषांतले सामाईक शब्द दाखवायची मला खोडच आहे. पडदा हा शब्द फारसीतून आला हे सगळ्यांना ठाऊक असते. सिनेमाचाही पडदा आणि बाईचाही पडदाच. एक दाखवण्यासाठी, दुसरा झाकण्यासाठी. सोबत हा शब्द मात्र मुलांना अस्सल मराठी वाटतो. तो आपला सोहबत आहे, अरबीतून फारसीमार्गे मराठीत येऊन घरचा झालेला. ज्या धातूपासून सोहबत झाला त्याच धातूपासून सहाबा. पैगंबरांची (स.) सोबत ज्यांना लाभली ते सहाबा. म्हणजे आपल्याकडे माणसाची मोठी ओळख तो कोणासोबत बसला यावरून झाली. हे सांगितले की वर्गात एक क्षण शांतता पसरते. मग घंटा होते.

आता तंबूकडे येते. टुरिंग टॉकीजची मालमोटार हीच तिचे प्रोजेक्टरघर. मागच्या बाजूला यंत्र बसवलेले, तिथून उजेडाचा झोत तंबूत शिरायचा. रिळांचे गोल पत्र्याचे डबे, ताडपत्री, बांबू, दोरखंड, भोंगा आणि जनरेटर एवढा संसार घेऊन ती जत्रेजत्रेला फिरे. दादासाहेब फाळक्यांनीही आपला सिनेमा यंत्रासकट गावोगाव हिंडवला होता, त्याच वाटेवरची ही बिऱ्हाडे. पुढे डिजिटल आले आणि रिळांची यंत्रे भंगारात गेली. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या या तंबूंवर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला, तो २०१६ साली कान महोत्सवात गाजला. त्यात तंबू चालवणारे मोहम्मद आणि बापू आहेत, यंत्रे दुरुस्त करणारे प्रकाश आहेत. धंद्यातली ही माणसे एकमेकांचा धर्म विचारत बसली असती तर एकही खेळ लागला नसता.

मी लहानपणी, १९९०च्या दशकाच्या अखेरीस, हा तंबू पाहिला. दुपारपासून भोंग्यावर गाणी वाजत. असरची अजान झाली की भोंगा आपसूक बंद होई आणि मग पुन्हा सुरू. आत मध्ये दोर बांधलेला, एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला बुवे. वारा आला की पडदा फुगे आणि नायकाचा गाल सुजल्यासारखा दिसे. आम्ही पोरे ताडपत्रीच्या फटीतून पडद्याच्या मागे घुसत असू. मागूनही चित्र दिसायचे, फक्त उलटे. नागरी अक्षरे उजवीकडून डावीकडे धावायची. उर्दू शाळेतल्या पोरांना त्यात काही वावगे वाटत नसे!

दादीची गोष्ट आणखी जुनी. १९७३ साली 'मेरे गरीब नवाज' आला, नंतर तो तंबूंतूनही फिरला. दादी आणि मोहल्ल्यातल्या बाया तो उरसात पाहायला गेल्या त्या डोक्यावर पदर घेऊन, जणू जियारतीलाच. दोनच वर्षांनी 'जय संतोषी माँ' आला तेव्हा हिंदू बाया थिएटरात चपला बाहेर काढून बसत, हे सर्वश्रुत आहे. दादी सांगायची, आम्ही गल्लीतल्या चौदा-पंधराजणी गेलो. पिंजाऱ्याची, मनियाराची, बागवानाची, आणि शेजारच्या शिंप्याची बायकोसुद्धा. आल्यावर महिनाभर विहिरीवर तोच विषय. कोण कुठे रडले, कोण रडले नाही, आणि जी रडली नाही तिचे काळीज कसले. दादीला सिनेमाची गोष्ट नीट आठवत नव्हती. कोण कोणाशेजारी बसले होते ते मात्र तिला मरेपर्यंत आठवत होते.

आपल्या समाजात बाईने सिनेमा पाहणे हा वादाचा विषय राहिला, पण पडद्याच्या दुसऱ्या बाजूला आपली बाई अगदी सुरुवातीपासून आहे. फातमा बेगम यांनी १९२६ साली 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित केला. देशातल्या त्या पहिल्या स्त्री-दिग्दर्शक. त्यांची मुलगी जुबैदा १९३१ सालच्या 'आलम आरा'ची, म्हणजे पहिल्या भारतीय बोलपटाची नायिका. हे आपल्या मुलींना कोणी शिकवत नाही. मीही पाठ्यपुस्तकाबाहेर जाऊनच शिकवते.

विरोध करणारे नेहमी नजरेचा मुद्दा काढतात. नजर हा मुद्दा खरा आहे. सूरे नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा हुकूम आहे आणि तो आधी पुरुषांना आहे, बायकांना त्यानंतरच्या आयतीत. हा क्रम वाज करणारे सहसा विसरतात. आणि याच नजरेच्या संदर्भात मला नेहमी बुखारीतली ती हदीस आठवते. ईदचा दिवस. मस्जिदे नबवीत हबशी लोक भाले आणि ढाली घेऊन खेळ करत होते. हजरत आयेशांना (रजि.) तो पाहायचा होता. पैगंबरांनी (स.) आपल्या चादरीची आड केली आणि त्या मागे उभ्या राहून पाहत राहिल्या. त्यांचे मन भरेपर्यंत ते तसेच उभे राहिले. ही हदीस मी बऱ्याच वेळा वाचली आहे आणि दर वेळी माझे लक्ष त्या चादरीवर जाते. ती चादर आयेशांचे पाहणे थांबवत नव्हती. ती त्यांना निवांत पाहता यावे म्हणून होती. आणि चादर धरणारा माणूस घाई करत नव्हता. आपल्या मोहल्ल्यांत पडद्याची जी चर्चा चालते तिच्यात या दोन गोष्टी मला क्वचितच ऐकू येतात.

तंबू गेले तसे दुसरे काही येत गेले. आधी भाड्याने आणलेला व्हीसीआर, एका रात्रीत तीन सिनेमे, दारे बंद करून सगळी बिरादरी एका खोलीत. मग केबल. मग २०१६ नंतर स्वस्त इंटरनेट घरोघर आले आणि प्रत्येकाच्या हातात एकेक पडदा आला. आता एका घरात सहा माणसे सहा कोपऱ्यांत बसून सहा गोष्टी पाहतात. कानात बोंडे, चेहऱ्यावर निळा उजेड. ड्राइव्ह-इनच्या मोटारीत निदान कुटुंब तरी एक होते.

आमच्याकडचे काही बुजुर्ग यावर समाधानी आहेत, याचे मला राहून राहून नवल वाटते. ते म्हणतात, बरे झाले, आता आपल्या मुली थिएटरात जात नाहीत, जत्रेत जात नाहीत, मोहल्ल्याची आबरू राहिली. पाहणे थांबलेले नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. पाहणे दिसायचे थांबले आहे, तेवढे त्यांना पुरते. मला इथे खरी अडचण दिसते. चारचौघांना न दिसणे म्हणजेच नेकी, असे आपण कधी ठरवून टाकले?

उर्दू शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला दूधवालीची गोष्ट ठाऊक असते. हजरत उमर (रजि.) रात्री गस्त घालत असताना एका घरातून आई-मुलीचे बोलणे ऐकू आले. आई म्हणते, दुधात पाणी घाल. मुलगी म्हणते, अमीरुल मोमिनीनांनी मनाई केली आहे. आई म्हणते, उमर इथे कुठे पाहतो आहे? मुलगी म्हणते, उमर पाहत नसला तरी उमरचा रब पाहतो आहे. उमरनी त्या मुलीला सून करून घेतले. ही गोष्ट आपण मुलांना सांगतो आणि लगेच दुसऱ्या तासाला त्यांना म्हणतो, असे वागू नका, लोक काय म्हणतील! म्हणजे गोष्टीतल्या मुलीचे उत्तर पाठ करून घ्यायचे आणि व्यवहारात आईचा हिशेब चालवायचा. आईचा हिशेब एवढाच होता, की पाहणारा जवळ आहे की नाही.

हजरत उमरांचीच दुसरी एक रिवायत सांगितली जाते, ती मात्र शाळेत कोणी सांगत नाही. गस्तीवर असताना एका घरातून आवाज आला म्हणून ते भिंत चढून आत उतरले. आत एकजण दारू पीत बसला होता. उमरनी त्याला झापले तेव्हा तो म्हणाला, अमीरुल मोमिनीन, मी एक गुन्हा केला, तुम्ही तीन केलेत. कुराणात टेहळणीला मनाई आहे, तुम्ही टेहळणी केलीत. घरात दारातून यावे असे सांगितले आहे, तुम्ही भिंतीवरून आलात. परवानगी आणि सलामाशिवाय येऊ नये, तुम्ही तसेच आलात. उमर त्याला सोडून निघून गेले. एवढा मोठा खलिफा एका दारुड्यापुढे निरुत्तर होतो, आणि हे सांगणारांनी उमरांची थोरवी म्हणूनच सांगितले आहे.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नजरेचे काय करायचे, हा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. रब पाहतो आहे, बाकी कोणी पाहण्याची गरज नाही. पण तो इतका सोपा सुटत नाही. कारण तसे असेल तर मोबाईलवर एकट्याने पाहणाऱ्या पोराचे काय चुकले? तो आणि त्याचा रब, मधे कोणी नाही. तरीही एखाद्या आठवीतल्या मुलाने रात्री दोन वाजता एकट्याने काय पाहिले हे त्याच्या सकाळच्या डोळ्यांत दिसते, तेव्हा माझ्यातली शिक्षिका अस्वस्थ होते. तो वाईट मुलगा नसतो. त्याने जे पाहिले ते हसण्यासारखे होते की शरम वाटण्यासारखे, हे त्याला सांगणारे शेजारी कोणी नव्हते. तंबूत एखादा हिडीस प्रसंग आला की बायांच्या बाजूने कोणीतरी मोठ्याने "या अल्ला" म्हणायची, बुवांच्या बाजूने कोणी खाकरायचा. त्या खाकरण्यात पोराला खूप काही कळे. सिनेमा बंद पडत नसे आणि पोराला कोणी बाहेरही काढत नसे.

म्हणून मला वाटते, माणसांच्या नजरेचे दोन प्रकार आहेत आणि आपण त्यांची गल्लत केली आहे. एक निगराणी. ती भिंतीवरून डोकावते, तिला तुम्ही काय पाहता याच्याशी काम, तुमच्याशी नाही. दुसरी सोबत. ती शेजारी बसून तुम्ही पाहता तेच पाहते. निगराणीचा धाक नजरेआड होताच संपतो. आमच्या ओळखीच्या एका शाळेत व्हरांड्यात कॅमेरे बसवले. हेडमास्तर खुश. एका पोराने मला सांगितले, "बाजी, अब वहाँ कोई नै लड़ता. सब टाकी के पीछे लड़ते." कॅमेऱ्याने भांडण मिटवले नव्हते, त्याची जागा बदलली होती. सोबतीचे मात्र तसे होत नाही. दादी विहिरीवरच्या त्या बायांचे मत पन्नास वर्षे मनात बाळगून होती, त्यांतल्या बऱ्याचजणी अल्लाला प्यारी झाल्या होत्या तरी.

सोबतीलाही काटे आहेत, हे मान्य केले पाहिजे. धुळ्याहून पन्नास किलोमीटरवर मालेगाव. तिथल्या सिनेमावेड्यांचे कौतुक सगळ्या जगाने केले. यंत्रमागावर राबणारी पोरे, व्हिडिओ पार्लर चालवणारे नासिर शेख, २००० सालच्या सुमारास केलेला 'मालेगाव के शोले', मग फैजा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट आणि २०२५ मध्ये आलेला रीमा कागतींचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव'. मलाही ते सगळे फार आवडते. पण त्या पोरांच्या सिनेमात नायिका बाहेरून आणावी लागे. गावातली मुलगी पडद्यावर येणार नाही, आणि पार्लरच्या अंधाऱ्या खोलीत बसायला ती जाणारही नाही. पुरुषांची सोबत भरभक्कम होती आणि ती बायांना वगळूनच उभी होती. तेव्हा नुसते सोबत सोबत म्हणून भागत नाही. कोणाची सोबत, हे विचारावेच लागते.

आता शाळेची गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात आम्ही शिक्षिकांनी ठरवले, की मुलींना आणि त्यांच्या आयांना मैदानात एक सिनेमा दाखवायचा. शाळेत प्रोजेक्टर होता, पांढरी चादर होती. सिनेमा माजिद मजिदींचा 'चिल्ड्रन ऑफ हेवन', १९९७चा. तेहरानमधल्या गरीब घरातली अली आणि जहरा ही भावंडे. बहिणीचे बूट भावाकडून हरवतात आणि दोघे एकाच बुटांच्या जोडावर शाळा करतात. सकाळी ती, दुपारी तो. यात आक्षेपार्ह काय सापडणार, असे आम्हाला वाटले होते.

आक्षेप सिनेमावर आलाच नाही. एक जबाबदार गृहस्थ म्हणाले, सिनेमा चांगला आहे, मी स्वतः पाहिला. लिंक पाठवून द्या, ज्याने त्याने घरी पाहावा. मैदानात बाया कशाला जमवता? दुसरे एकजण सौदीचा दाखला देऊ लागले. त्यांना सांगावे लागले, की सौदीतही एप्रिल २०१८ मध्ये रियाधला थिएटर उघडले. त्यावर ते गप्प झाले, तरी मला त्यात आनंद वाटला नाही. सौदीने उघडले म्हणून योग्य आणि बंद ठेवले असते तर अयोग्य, हा काही विचार नव्हे. पहिल्या गृहस्थांचे म्हणणे मात्र मी बरेच दिवस मनात घोळवले. जे एकट्याने पाहणे जायज, ते शंभरजणींनी मिळून पाहिले की गैर कसे होते? त्यांना सिनेमाची भीती नव्हती. बाया एकत्र बसतील, एकत्र हसतील आणि मग विहिरीवर बोलावे तसे बोलतील, याची भीती होती. विहिरी तर आता राहिल्या नाहीत.

अखेर अटी घालून परवानगी मिळाली. मैदानाला कनात लावायची आणि इशाच्या जमातीआधी आटपायचे. कनात मला नको होती. आपण काही चोरी करत नाही, मग कापडाआड का, असे मी म्हणाले. माझे मत आजही तेच आहे. पण आयांना विचारले तर त्यांतल्या बहुतेकींना कनात हवीच होती. एकीने सांगितले, कनात असेल तर मी नकाब काढून बसेन, लेकराला दूध पाजीन, मोठ्याने हसेन. कनात नसेल तर येईन, पण बुरख्यातच बसेन. मला अम्मीची अर्धी वर घेतलेली काच आठवली, आणि ती चादरही. मग मी वाद घातला नाही. बांबू मोजायला गेले.

मगरिबनंतर बाया आल्या, आम्हाला वाटले होते त्याहून कितीतरी अधिक. सिनेमा फारसीत. मी माईकवर अधूनमधून अर्थ सांगत होते, जुन्या बायस्कोपवाल्यासारखी. पण कितीतरी शब्द मुलींना न सांगताच कळत होते आणि कळला की त्या एकमेकींना कोपरखळी मारत होत्या. शेवटी धावण्याची शर्यत येते. तिसऱ्या क्रमांकाचे बक्षीस बुटांचा जोड आहे, म्हणून अलीला तिसरे यायचे असते. तो चुकून पहिला येतो. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि मधेच थांबला. कोणाला तरी आठवले असावे. मग मागच्या ओळीतून एक म्हातारी ओरडली, "अरे, तीसरा आना था रे बाबा!" सगळे मैदान हसले आणि त्याच हसण्यात अर्ध्याजणी डोळे पुसत होत्या. नववीतली एक मुलगी नंतर मला म्हणाली, "बाजी, हा सिनेमा मी मोबाईलवर आधी पाहिला होता, वेग वाढवून. तेव्हा मला वाटले, पहिला आला, छान झाले."

शाळेला लागून एका शिंपीकाम करणाऱ्या चाचांचे घर आहे. कनातीवरून चादरीचा वरचा भाग त्यांच्या गच्चीवरून दिसत होता, आवाज मात्र तिथवर नीट जात नव्हता. ते आणि आणखी दोन-तीन बुजुर्ग गच्चीवर शाली पांघरून बसलेले मी पाहिले होते. त्यांत मैदानात बाया नकोत म्हणणारे दुसरे गृहस्थही होते. इशाची अजान झाल्यावर आम्ही सिनेमा थोडा वेळ थांबवला, तेव्हा ते सगळे वुजू करायला उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत शिरताना चाचांनी हाक मारली. आधी इकडच्या तिकडच्या चौकशा केल्या. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मास्टरनीबाई, उस बच्ची को आखिर में जूते मिले क्या?" त्यांची बायको काल कनातीच्या आत पहिल्या ओळीत बसली होती. तिला विचारता आले असते. मी त्यांना सांगितले, की अलीचा बाप बाजारातून परत येताना दिसतो आणि त्याच्या सायकलीला सामानात नवे बूट असतात, पण पोरांना ते अजून ठाऊक नसते. चाचा थोडा वेळ मशीनवर हात ठेवून उभे राहिले. मग त्यांनी विचारले, पुढचा सिनेमा कधी आहे.